रूपकांचा हाऊसफुल्ल शो: ग्लोब थिएटर ते इंदूर

इंदूरकरांनो, लता मंगेशकरांचा जन्म आपल्या गावचा, २८ सप्टेंबर १९२९चा, हे शाळकरी पोरंही सांगतील. पण त्यांचं नाव एका मराठी नाटकातून आलंय, माहीत आहे का? आधीचं नाव हेमा. वडील मास्टर दीनानाथ राम गणेश गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये लतिका रंगवायचे. त्या लतिकेवरून हेमाची झाली लता!

लतिका म्हणजे वेल. आता ही वेल जरा ओढून बघा. थेट लंडनला पोचते! शेक्सपिअरच्या ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये एक बायको नवऱ्याला झाड म्हणते आणि स्वतःला त्याच्या आधारानं वाढणारी वेल. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली परीराणी टायटानियाही वेल-झाडाच्याच भाषेत प्रेम करते, आणि तेही कुणावर? गाढवाचं डोकं बसलेल्या विणकरावर!

पण थांबा, पेटंट लंडनचं नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतल’च्या पहिल्याच अंकात वनज्योत्स्ना नावाची वेल आंब्याला वरून बसलीय, शेक्सपिअरच्या हजारेक वर्षं आधी. विल्यम जोन्स यांनी १७८९मध्ये ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेलं आणि कालिदासाला ‘भारताचा शेक्सपिअर’ हा किताब दिला. सीनिऑरिटी बघता शेक्सपिअरलाच ‘इंग्लंडचा कालिदास’ म्हणायला हवं. कालिदासाची लाडकी उज्जयिनी इंदूरहून जेमतेम ५५ किलोमीटर, तेव्हा आमचं मत पक्कं आहे!

शेक्सपिअरच्या नाटकांत एवढी रूपकं का, माहीत आहे का? लाइट्स नव्हते, हेही एक कारण! लंडनच्या ग्लोबसारख्या उघड्या थिएटरात खेळ व्हायचे दुपारी, लख्ख उन्हात. मॅकबेथला तर खुनासाठी काळीकुट्ट रात्र हवी. मग ती आणायची कुठून? शब्दांतून. नट अंधाराला पांघरूण म्हणायचा, पडदा म्हणायचा, आणि घामाघूम प्रेक्षकांच्या अंगावर काटा यायचा. स्पॉटलाइटचं काम जिभेवर!

आणि थिएटरची इमारत? तीसुद्धा रूपक. १५९९मध्ये उभ्या राहिलेल्या थिएटराचं नाव ‘ग्लोब’, म्हणजे अख्खी पृथ्वी. रंगमंचावरच्या छताला म्हणायचे स्वर्ग. पायाखालच्या चोरदाराखाली नरक. तिकीट एक, लोक तीन!

ही पृथ्वी १६१३मध्ये जळाली. ‘हेन्री द एट्थ’च्या खेळात तोफेची सलामी दिली, ठिणगी छपराच्या गवतावर पडली आणि थिएटर खाक. एका प्रेक्षकाच्या विजारीनं पेट घेतला. ती विझवली कशानं? बिअरनं! त्या काळच्या एका पत्रातच ही नोंद आहे.

रूपकांची खानेसुमारी करणाऱ्या बाईही होत्या, माहीत आहे का? कॅरोलाइन स्पर्जन. शेक्सपिअरच्या नाटकांतली एकूण एक प्रतिमा वेचून त्यांनी १९३५मध्ये पुस्तक काढलं. त्याच वर्षी इकडे इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. स्पर्जनबाईंना काय सापडलं? ‘हॅम्लेट’मध्ये जिकडेतिकडे रोग आणि गळवं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये उजेडच उजेड. आणि ‘मॅकबेथ’मध्ये... मापात न बसणारे कपडे! चोरलेलं राजेपण अंगावर ढगळ होतं ना.

त्याहून मजेदार म्हणजे शेक्सपिअरच्या डोक्यातली एक तिकडी. खुशामतीचा विषय निघाला, की पाठोपाठ लाळघोटा कुत्रा येतो आणि विरघळणारी मिठाईही येते! या तिकडीवर अभ्यासक वॉल्टर व्हाइटर यांनी १७९४मध्येच बोट ठेवलं होतं.

हॅम्लेट आपल्या देशाला तुरुंग म्हणतो, हे रूपक. पण त्याला मराठीत आणणारा माणूस खऱ्याखुऱ्या तुरुंगात बसला होता, माहीत आहे का? गोपाळ गणेश आगरकर! १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर हाती घेतलं. ‘विकारविलसित’ नावानं ते १८८३मध्ये छापून आलं, आणि पुढे नट गणपतराव जोशींनी त्यातला हॅम्लेट, म्हणजे चंद्रसेन, असा गाजवला की मराठी माणसाला हॅम्लेट म्हटलं की तेच आठवायचे.

पात्राचं नाव हेच रूपक, ही ट्रिक बेन जॉन्सनची. ‘व्होल्पोनी’ नाटकात नायक कोल्हा, नोकर माशी, आणि इस्टेटीवर टपलेले तिघे म्हणजे गिधाड, डोमकावळा आणि कावळा. स्टेजवर अख्खं प्राणिसंग्रहालय! गडकऱ्यांनी उलटी कमाल केली. ‘एकच प्याला’तलं एक साधं पात्र इतकं फेमस झालं, की आज गल्लीतल्या कुठल्याही पिणाऱ्याला ‘तळीराम’ म्हणता येतं. हे नाटक रंगमंचावर आलं फेब्रुवारी १९१९मध्ये. गडकरी जानेवारीतच गेले होते. तळीरामाची ही कीर्ती बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं, याची हळहळ आजही वाटते.

आता ग्रँड फिनाले. रूपकाला सरकार घाबरतं, माहीत आहे का? ऑगस्ट १६२४. थॉमस मिडलटनचं ‘अ गेम ॲट चेस’. स्टेजवर बुद्धिबळाच्या सोंगट्या, पांढऱ्या आणि काळ्या. पण पांढरं म्हणजे इंग्लंड, काळं म्हणजे स्पेन, हे लंडनच्या पोराटोरांना कळत होतं. काळा घोडा म्हणजे स्पेनचा माजी राजदूत गोंदोमार. नटांनी म्हणे त्याचे जुने कपडेसुद्धा मिळवले होते! आगीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या ग्लोबवर सलग नऊ खेळ तुडुंब. मग स्पेनच्या नव्या राजदूतानं तक्रार केली आणि नाटक बंद. चेकमेट!

आपल्याकडे हाच डाव कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी टाकला. १९०७चं ‘कीचकवध’. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव औषधालाही नाही. पण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं: कीचक म्हणजे कर्झन, छळ सोसणारी सैरंध्री म्हणजे भारतमाता, धीर धरा म्हणणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि मुठी आवळून बसलेला भीम म्हणजे जहाल. भीम कीचकाला लोळवायचा तेव्हा लोकांच्या मनात कोण लोळत होतं, हे काय सांगायला हवं? शेवटी १९१०मध्ये इंग्रज सरकारनं नाटकावर बंदी आणली. म्हणजे कीचक कोण, हे साहेबालाही बरोबर ओळखता आलं की!