मगरिबनंतरची वीज : मोरोक्कोने काय केलं?

अरबीत मोरोक्कोचं नाव ‘अल-मगरिब’, म्हणजे जिथे सूर्य मावळतो तो मुलूख. त्याच्या वीज योजनेतला सर्वांत अवघड प्रश्नही मगरिबचाच आहे. सूर्य गेला की घराघरांत दिवे लागतात, विजेची मागणी चढते आणि सोलर पॅनल नेमके तेव्हाच बंद पडतात.

शेजारच्या अल्जीरियासारखं तेल आणि गॅस मोरोक्कोकडे नाही. शेती, फॉस्फेटच्या खाणी, पर्यटन आणि अलीकडे मोटारींचे कारखाने यांवर तिथली रोजीरोटी चालते. लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 90 टक्के बाहेरून विकत घ्यावी लागते. म्हणून 2009 मध्ये सरकारने मोठी सौर योजना जाहीर केली. पुढे 2021 मध्ये अल्जीरियाशी संबंध तुटले, तिथून येणारा गॅस थांबला, तेव्हा त्या निर्णयाची किंमत कळली.

वारझाझात शहराजवळचा ‘नूर’ प्रकल्प याच योजनेतला. पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला, आज चार टप्पे मिळून क्षमता सुमारे 580 मेगावॅट आहे. पहिल्या तीन टप्प्यांत आपल्या छतावर असतात तसे पॅनल नाहीत, आरसे आहेत. ते ऊन एका जागी गोळा करतात. त्या उष्णतेने विशिष्ट क्षार (जेवणातलं मीठ नव्हे) वितळलेल्या अवस्थेत तापवून मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात. अंधार पडला की त्याच उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि टर्बाइन फिरवायचं. तिसऱ्या टप्प्यात हा साठा सुमारे सात तास पुरतो. म्हणजे इशाची नमाज होऊन लोक झोपेपर्यंत.

हे सगळं स्वस्त नाही. साधे पॅनल दरवर्षी स्वस्त होत गेले, आरशांची वीज मात्र महागच राहिली. 2024 मध्ये तिसऱ्या टप्प्यातली क्षाराची टाकी गळाली आणि काम बराच काळ ठप्प झालं. शिवाय हा कोरडा भाग, पाणी धरणातून घ्यावं लागतं. 2030 पर्यंत 52 टक्के क्षमता ऊन, वारा आणि पाण्याची करायची, असं सरकारचं उद्दिष्ट आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी! तिथली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशावरच बनते. बातम्यांत हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

मला जास्त भावली ती त्यांची मशिदींची योजना. औकाफ खात्याने जर्मनीच्या मदतीने 600 मशिदी निवडल्या. आधी जुने बल्ब काढून एलईडी लावायचे, वजूच्या गरम पाण्यासाठी सोलर हीटर बसवायचे, मग छतावर पॅनल. मराकेशची बाराव्या शतकातली कुतुबिया मशीदही यात आहे. लोक जिथे रोज पाच वेळा येतात, तिथे ही गोष्ट समजावण्यासाठी वेगळी सभा घ्यावी लागत नाही.

आपल्याकडच्या विश्वस्त मंडळींनीही हाच क्रम धरावा. आधी बल्ब आणि पंखे, कारण तिथे खर्च कमी. पॅनलचा हिशोब मात्र नीट करा. मशिदीत वीज जास्त लागते ती फजर, मगरिब, इशा आणि रमजानमध्ये तरावीहला, म्हणजे ऊन नसताना. दिवसा बनलेली वीज नेट मीटरमधून ग्रीडला जाते. ती युनिटं रात्रीच्या वापरातून वजा होतील का आणि कोणत्या दराने, हे पॅनलवाल्याच्या तोंडी भरवशावर न सोडता आपलं वीजबिल घेऊन महावितरणच्या कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.