बालू २ : जाड, गोलसर आणि मराठीत न गुदमरणारा फॉन्ट

खाऊच्या दुकानाची वेबसाइट किंवा लहान मुलांचं ॲप बघा. इंग्रजी नाव मस्त जाड, गोलगोल अक्षरात असतं आणि मराठी नाव फोनच्या नेहमीच्याच फॉन्टमध्ये. असं का होतं? फ्रेडोकासारख्या लोकप्रिय गोलसर फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. अक्षर सापडलं नाही की ब्राउझर ते दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. याला म्हणतात फॉलबॅक.

अशा कामाला मी ‘बालू २’ सुचवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने बनवलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. लायसन्स ओपन असल्यामुळे धंद्याच्या कामातही चालतो. देवनागरीसह नऊ भारतीय लिप्यांत तो आहे आणि त्यांची नावंही मजेशीर आहेत: गुजरातीचा बालू भाई, गुरुमुखीचा बालू पाजी, बंगालीचा बालू दा. मूळ बालू एकाच जाडीचा होता, बालू २ मध्ये 400 ते 800 अशा पाच जाड्या मिळतात.

देवनागरी जाड करणं अवघड का असतं? इंग्रजी ‘ओ’मध्ये एकच मोठी पोकळी असते. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ढ’ यांच्यात छोट्या छोट्या पोकळ्या असतात. रेघ जाड केली की त्या बुजतात, वर शिरोरेषा आणि मात्राही जागा मागतात. बालूमध्ये उभ्या रेघा जाड आणि आडव्या त्यामानाने बारीक आहेत. म्हणून अक्षर भरदार दिसतं, पण आत थोडी हवा राहते.

तरीही हा मथळ्याचा फॉन्ट आहे. सर्वात जाड 800 वापरून 14 पिक्सेलमध्ये अख्खा परिच्छेद लिहिलात, तर ‘द्ध’ आणि ‘द्य’ ओळखताना डोळे दुखतील. मजकुरासाठी ‘एक टाइप’चाच ‘मुक्ता’ घ्या. जोडी छान जमते.

वापरताना तीन गोष्टी बघा.

1. ओळीची उंची : बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवली आणि बाहेर जाणारा भाग लपवला, तर मात्रा छाटल्या जातात. अनुस्वार गेला की ‘वंदन’चं ‘वदन’ होतं, उकार गेला की ‘पुत्र’चं ‘पत्र’. पाहुणा अर्थच बदलून वाचतो!

2. खरी जाडी : हवी ती जाडी लोड करा. नाहीतर ब्राउझर साधं अक्षर स्वतःच फुगवतो आणि पोकळ्या बुजतात.

3. चाचणी : ‘नमस्कार’वर भागवू नका. ‘विद्यार्थ्यांसाठी’, ‘हृदय’, ‘शुद्ध’, ‘कुर्ल्यात’ हे शब्द टाकून साध्या, स्वस्त फोनवर बघा. तिथे सगळं नीट वाचता आलं, तरच डिझाइन पास समजा.