अठ्ठावीसचे कोडे

अलिबागच्या किनाऱ्यावरील चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत आहेत. तेथील आलेखात एक गोष्ट रोज दिसते. सूर्य वर येऊ लागला की क्षेत्र किंचित बदलते आणि रात्री बरेचसे स्थिर होते. याचे कारण शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धनभारित आयन उरतात. हे भारित कण वाऱ्यांमुळे हलले की विद्युतप्रवाह वाहतो व त्याचा परिणाम खाली अलिबागेत नोंदला जातो.

हे आयन कशाचे? हवेत नायट्रोजन सर्वाधिक, म्हणून 'नायट्रोजनचे' असे उत्तर वर्गात येईल. ते चुकीचे आहे. नायट्रोजनचा आयन ऑक्सिजनशी गाठ पडताच नाहीसा होतो. त्यामुळे तेथे मुख्यतः ऑक्सिजन व नायट्रिक ऑक्साइडचे आयन आढळतात.

आता शनीच्या टायटन या चंद्राकडे वळू. तेथील वातावरणातही सुमारे ९५ टक्के नायट्रोजन आहे, परंतु सोबतीला ऑक्सिजन नसून मिथेन आहे. २००४ ते २०१७ या काळात कॅसिनी यान शनीभोवती फिरत असताना अनेकदा टायटनच्या वरच्या वातावरणातून गेले. त्यावरील वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाला तेथील आयनांत २८ वस्तुमानाचे आयन सर्वाधिक आढळले. नायट्रोजनच्या रेणूचे वस्तुमान १४ अधिक १४, म्हणजे २८च. मग हा नायट्रोजनच का?

याचा निर्णय पृथ्वीवरील प्रयोगशाळेत लागतो. १९७६ साली अ‍ॅडम्स व स्मिथ यांनी इंग्लंडमध्ये एक पद्धत विकसित केली. नळीतून हेलियम वायू वाहतो. त्यात निवडून एकाच वस्तुमानाचे आयन सोडतात आणि पुढे मोजून दुसरा वायू मिसळतात. टोकाशी कोणते आयन किती घटले व कोणते नवे आले, हे पाहिले की अभिक्रियेचा वेग कळतो.

अशा प्रयोगांतून दिसते की नायट्रोजनचा आयन मिथेनपुढे टिकत नाही. बहुतेक वेळा १५ वस्तुमानाचा मिथिल आयन तयार होतो. तो दुसऱ्या मिथेनशी संयोग पावून, हायड्रोजनचा रेणू सोडून, २९चा होतो. हा २९चा आयन हायड्रोजन सायनाइडला (वस्तुमान २७) एक प्रोटॉन देतो. सत्तावीस अधिक एक, पुन्हा २८! कॅसिनीला आढळलेला आयन मुख्यतः हाच.

टायटनच्या त्या उंचीवर तापमान उणे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या थंडीत साध्या रेणूंच्या पुष्कळशा अभिक्रिया जवळजवळ थांबतात. आयन मात्र आपल्या भाराने शेजारच्या रेणूला ओढून घेतो. म्हणून तेथे लहान रेणूंपासून मोठे रेणू घडत जातात आणि अखेरीस टायटनला झाकणारे नारिंगी धुके तयार होते.

हे कोडे वर्गात जरूर घालावे. वजन कळले म्हणजे ओळख पटली असे नाही, हे विद्यार्थ्यांना बेरजेवरूनच उमजेल.