अ‍ॅनोडायझिंगचा हौद आणि खानदेशचा उन्हाळा

खिडक्यांचे सेक्शन, दारांचे हँडल, यंत्रांचे सुटे भाग यांसाठी जळगाव-धुळ्याचे कारागीर अ‍ॅल्युमिनियम वापरतात. धातू हलका खरा, पण मऊ. ओरखडा लगेच उठतो. त्यावरचा उपाय अ‍ॅनोडायझिंग. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या बंधूंनी मात्र आधी थंडाव्याचा हिशेब करावा.

उघड्या हवेत अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर आपोआप चढतो, पण तो नावापुरता. पाणी मिसळलेल्या गंधकाच्या तेजाबात वस्तू बुडवून तिला डी.सी. विजेचे धन टोक जोडले की हाच थर ५ ते २५ मायक्रॉन जाड होतो. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. हा वरून दिलेला रंग नव्हे; थर धातूतूनच उगवतो, म्हणून पापुद्रा सुटत नाही. शेवटी उकळत्या शुद्ध पाण्यात ठेवून त्याची छिद्रे बंद करतात.

खरी अडचण उष्णतेची. हौद साधारण १८ ते २२ अंशांवर ठेवावा लागतो. वीज स्वतःच तेजाब तापवते, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हौद तापला की तेजाब बनत्या थरालाच खाऊ लागते. थर भुसभुशीत होतो, बोट फिरवले तरी भुकटी निघते. रात्री काम करूनही मेमध्ये भागत नाही. तेव्हा रेक्टिफायरचा भाव विचारण्याआधी चिलरचा विचारावा.

घासणाऱ्या सुट्या भागांना ‘हार्ड’ अ‍ॅनोडायझिंग लागते. त्याचा हौद शून्य अंशाच्या जवळपास ठेवतात. थराचा सुमारे निम्मा भाग बाहेर वाढतो. ५० मायक्रॉन थर दिला तर दांड्याचा व्यास तितकाच, सुमारे ५० मायक्रॉन वाढेल. लेथवर तेवढी जागा आधीच सोडावी.

मालही पारखून घ्यावा. सेक्शनच्या मिश्रधातूवर थर स्वच्छ चढतो. भंगार वितळवून ओतलेल्या मालात सिलिकॉन जास्त असेल तर थर करडा, डागाळ येतो. गिऱ्हाइकाला हे काम घेतानाच सांगावे. शिवाय कडक होतो तो फक्त पृष्ठभाग. वाकणारी पातळ पट्टी वाकणारच.

तेजाब नेहमी पाण्यात ओतावे, पाणी तेजाबात कधीही नाही. वापरलेले पाणी चुन्याने निवळल्याशिवाय गटारात सोडू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी.

थराच्या जाडीसाठी आयएस १८६८ हे भारतीय मानक आहे. बिलावर मायक्रॉन लिहून द्या आणि तेवढेच मोजून द्या. गिऱ्हाईक पुन्हा येते ते याच भरवशावर.