पात्याचा कोन कोण ठरवतं?

विमानतळावर एखादं एटीआर प्रवासी विमान उभं दिसलं, तर त्याच्या पंख्याकडे जरा नीट बघा. सहाही पाती धार पुढे करून उभी असतात. समोरून पाहिलं तर अंगाने अगदी बारीक दिसतात. विमान निघायच्या वेळी हीच पाती बुंध्याशी वळून वाऱ्यासमोर रुंद होतात. हवेत वेग बदलेल तशी पुन्हा थोडी थोडी वळत राहतात, तीही मिनिटाला हजारभर फेरे चालू असताना.

पातं म्हणजे पिळलेला छोटा पंखच. धावपट्टीवर विमान सुटतं तेव्हा पात्याला मुख्यतः स्वतःच्या फिरण्याचाच वारा लागतो. तिथे कोन कमी हवा, म्हणजे इंजिनाला पूर्ण फेरे गाठता येतात. वेग आला की समोरचा वारा त्यात मिसळतो आणि तोच कमी कोन तोकडा पडतो. एकच कोन कायम ठेवणं म्हणजे आंबेनळी घाट आणि एक्स्प्रेस-वे एकाच गिअरमध्ये काढणं. शिकाऊ वैमानिकांच्या सेस्ना १७२ला बहुधा अशी स्थिर पातीच असतात. त्यात काही वावगं नाही, त्या विमानाला फार पळायचंच नसतं.

मोठ्या विमानांना मात्र ही चैन परवडेना. १९३३मध्ये बोईंग २४७ हे नवं प्रवासी विमान अमेरिकेतल्या रॉकी पर्वताजवळच्या उंच विमानतळांवर, विरळ हवेत, धापा टाकू लागलं. हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीचे फ्रँक कॉल्डवेल यांनी त्याला दोन कोनांत वळणारी पाती बसवली. उड्डाणाची धाव सुमारे वीस टक्क्यांनी घटली. त्या वर्षीची मानाची कोलिअर ट्रॉफी या कामासाठी दिली गेली.

पण दोनच कोन म्हणजे पुन्हा वैमानिकाच्या डोक्याला ताप. हवा होता तो स्वतः कोन बदलत राहणारा पंखा. त्याची निकड ब्रिटनला १९४०मध्ये कळली. जूनच्या अखेरीपासून डी हॅविलंडचे कारागीर हवाई दलाच्या तळातळावर जाऊन स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना असे पंखे बसवू लागले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजारावर विमानं झाली होती. चढाई सुधारली, गाठता येणारी उंचीही वाढली. ब्रिटनच्या लढाईच्या कथांत इंजिनाचं कौतुक भरपूर होतं, या पान्हे घेऊन फिरणाऱ्यांचं फारसं होत नाही.

स्वतः कोन बदलणाऱ्या या पंख्याची सगळी हुशारी गव्हर्नर नावाच्या मुठीएवढ्या डब्यात असते, आणि मूळ रचनेत तिथे विजेचं काहीच लागत नाही. आत इंजिनाबरोबर फिरणारी दोन वजनं असतात आणि त्यांना दाबून धरणारी एक स्प्रिंग. विमानाने नाक खाली घातलं की पंखा भरधाव फिरू पाहतो. वजनं बाहेर फेकली जातात, एक छोटी झडप वर उचलली जाते आणि तेलाची वाट बदलते. हे तेल इंजिनाचंच, गव्हर्नरमधल्या पंपाने दाब वाढवलेलं. पंख्याच्या तुंब्यातला दट्ट्या सरकतो, पाती जास्त तिरकी होतात, हवा जड लागते आणि फेरे जागेवर येतात. फेरे कमी पडले तर हेच सगळं उलट. वैमानिक निळ्या मुठीच्या दांड्याने फक्त स्प्रिंगचा ताण ठरवतो. उड्डाणाआधी तो हा दांडा मागेपुढे करून फेरे पडतात का ते बघतो. थंडीच्या दिवसांत तुंब्यातलं घट्ट तेल निघून गरम तेल यावं म्हणून दोन-तीनदा करतो.

मला यात सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो तो असा: तेलाचा दाबच गेला तर पाती कुठे जावीत? एक इंजिनाच्या विमानात ती सहसा कमी कोनाकडे जातात, म्हणजे इंजिनात जेवढा दम उरला असेल तेवढा कामी येतो. दोन इंजिनांच्या विमानात याच्या बरोबर उलट. तिथे स्प्रिंग आणि प्रतिभार पात्यांना पार धारेवर उभं करतात. याला फेदर म्हणतात. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने गरगरत राहिला तर विमानाला एका बाजूला ओढत नेतो. धारेवर उभा राहिला की थांबतो आणि दुसऱ्या इंजिनावर घरी परतता येतं.

ही सोय चुकीच्या क्षणी वापरली गेली तर काय होतं, ते १५ जानेवारी २०२३ला नेपाळमध्ये पोखऱ्याला दिसलं. यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ उतरायच्या बेतात होतं. फ्लॅप्सचा दांडा हलवायचा होता; चौकशीच्या निष्कर्षानुसार नकळत हलवले गेले ते दोन्ही इंजिनांचे कंडिशन लिव्हर, म्हणजे पाती फेदर करू शकणारे दांडे, तेही फेदरपर्यंत. बारा पाती वाऱ्याला धार देऊन उभी राहिली आणि विमानाची ओढ संपली. दोन्ही इंजिनं चालूच होती. विमानातले सर्व ७२ जण गेले.