वेणी, सोनं आणि वतन

मागच्या महिन्यात भाग आला नाही म्हणून बऱ्याच जणांनी मेसेज केले. आजचा भाग त्या कारणावरच आहे. नेहमीसारखंच, हे बोललेलं उतरवून काढलंय. अडखळणं तेवढं काढलं, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

तर झालं असं. दीड वर्षापूर्वी केस कापताना न्हाव्याने आरसा मागे धरला आणि म्हणाला, "दादा, हे कधीपासून?" डोक्याच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी गुळगुळीत चकती. आमच्याकडे याला चाई म्हणतात. डॉक्टरांनी समजावलं: शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. लागट नाही. केस परत येऊ शकतात, न येऊही शकतात. इंजेक्शनं घेतली. एक चकती भरली, दोन नवीन आल्या.

ऑफिसच्या कॉलवर माझा कॅमेरा बंद राहायला लागला. "नेटवर्क वीक आहे" हे मी इतक्यांदा म्हटलं की टीममधल्या एकाने मला राउटर सुचवला. उपासनेला टोपी घालून बसता येत नाही, म्हणून शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून. आत्याने लग्नासाठी बायोडेटा मागितला तेव्हा बीटेक झालं त्या वर्षीचा फोटो पाठवला. मुलीशी व्हिडिओ कॉल झाला. मी समोरून प्रकाश घेऊन, मान जराशी वर करून बसलो होतो. चांगलं बोलणं चाललं होतं. मग तिने सहज विचारलं, "फोटो कधीचा आहे हा?"

मी म्हणालो, "मागच्या वर्षीचा."

पाच वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर माईकसमोर बसून विश्वासावर बोलायला माझं तोंड होईना. भाग आला नाही तो यामुळे.

आता अशा वेळी आपल्या मंडळीत जे ऐकायला मिळतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दिसण्यात काय आहे, मन सुंदर पाहिजे. प्रेमाने म्हणतात, मला कुणाची चेष्टा करायची नाही. पण माझी अडचण वेगळी होती. केसांनी काही खोटं केलं नव्हतं, ते बिचारे गळले फक्त. खोटं मनच बोललं होतं. मग "बाहेरचं सोड, आतलं बघ" म्हणजे मी नेमकं काय बघायचं?

म्हणून पेत्राचं पहिलं पत्र परत वाचायला घेतलं. ख्रिस्ती घरांत "वेण्या घालू नका, दागिने घालू नका" असं म्हणताना जो उतारा दाखवतात, तो त्यातला तिसरा अध्याय. बहुतेक वेळा तो मुलींना दाखवतात. शब्बाथ शाळेत माझ्या बहिणीला नेलपॉलिशवरून हाच ऐकवला होता. मला कुणी कधी ऐकवला नाही, म्हणून मी तो कधी नीट वाचलाही नव्हता.

पत्र कुणाला आहे ते आधी बघा. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले भाग, तेव्हाचे रोमी प्रांत. पहिल्या शतकाच्या शेवटाकडचे रोमी स्त्रियांचे दगडी पुतळे बघितलेत तर कपाळावर कुरळ्या केसांचा अक्षरशः मनोरा रचलेला दिसतो. असे केस स्वतःचे स्वतः घालता येत नाहीत. त्यासाठी घरात दासी असायची, तापवलेल्या लोखंडी सळीने केस कुरळे करणारी. म्हणजे केसांवरून घरात पैसा किती आणि दासदासी किती ते कळायचं. आणि पेत्र याच पत्रात, त्या उताऱ्याच्या जरा आधी, घरकाम करणाऱ्या दासांशी बोलतो. एकाच मंडळीत केस घालून घेणारी आणि केस घालणारी दोघीही बसल्या असू शकतील. हे डोक्यात ठेवलं की तो उतारा नेलपॉलिशपेक्षा बराच मोठा होतो.

तसाही तो दागिनेबंदीचा कायदा नाहीच. पेत्र तीन गोष्टी सांगतो: केस गुंफणं, सोनं घालणं आणि वस्त्रं नेसणं. पहिल्या दोनांवर बंदी म्हणायची तर तिसरीवरही म्हणावी लागेल, आणि मग उपासनेला कुणाला येताच येणार नाही. त्याचा प्रश्न असा आहे की तुमची शोभा कशात आहे. शोभेसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो 'कॉस्मॉस'. त्याच शब्दाचा अर्थ 'जग' असाही होतो, आणि आपलं 'कॉस्मेटिक' त्याच घराण्यातलं.

मग तो सौम्य, शांत आत्म्याकडे वळतो. हेही फक्त बायकांचं काम आहे असं समजू नका. इथे 'सौम्य' साठी जो ग्रीक शब्द आहे, तोच मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःविषयी वापरतो.

पण मी अडकलो तो दुसऱ्याच शब्दावर: 'अफ्थार्तोस'. न कुजणारं, न नासणारं, अविनाशी. हा शब्द पेत्र या छोट्याशा पत्रात तीनदा वापरतो. पहिल्या अध्यायात, स्वर्गात राखून ठेवलेल्या वारशासाठी. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे, ज्या बीजापासून विश्वासणाऱ्याचा नवा जन्म झाला त्यासाठी. आणि तिसऱ्यांदा इथे, आतल्या शोभेसाठी. मध्येच उलटा शब्दही येतो, नाशवंत. तो सोन्याचांदीसाठी, की तुमची सुटका असल्या वस्तूंनी झालेली नाही.

आता क्रम बघा. आधी वारसा, मग जन्म, मग शोभा. वारसा कुणी कमावत नाही. जन्म तर कुणीच नाही. तर तिसऱ्या ठिकाणी आल्यावर ती शोभा एकदम आपल्या मेहनतीची कशी होईल? मी इतकी वर्षं 'आतलं सौंदर्य' म्हणजे आणखी एक बायोडेटा समजत होतो. त्यात केसांऐवजी स्वभावाचा फोटो. तोही नीट प्रकाश लावून काढलेला. (आम्हा इंजिनियर लोकांना कोडमधलं इनहेरिटन्स रोज दिसतं, तरी हे डोक्यात शिरायला चाई पडावी लागली.)

आणि त्या वारशासाठी मराठी पवित्र शास्त्रात कोणता शब्द आहे? वतन.

इथे मला थांबावं लागलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. पणजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी घरात महार वतन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जमिनीचा लहानसा तुकडा आणि बलुतं, आणि त्याबदल्यात गावाचं आणि सरकारचं पडेल ते काम, कुठल्याही वेळी, पिढ्यान्‌पिढ्या. निरोप पोचवा, वेशीवर पहारा द्या, मेलेली जनावरं ओढा. हे वतन जन्मानेच मिळायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात यावर विधेयक मांडलं होतं. ही वतनं प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आजोबा सांगायचे, गावात आपल्या माणसाला हाक मारायला कुणी चेहरा बघायचं नाही, घोंगडी आणि काठी दिसली की हाक. दिसण्यावरून किंमत म्हणजे काय, हे माझ्या घराला माझ्या चकत्यांच्या फार आधीपासून ठाऊक होतं. आणि अशा घरात रविवारी उभं राहून कुणीतरी वाचलं असेल की तुमच्यासाठी एक वतन राखून ठेवलंय, न नासणारं. पणजोबांना तो शब्द कसा ऐकू आला असेल, याचा विचार करत मी बराच वेळ पुस्तक उघडं ठेवून बसलो.

केसांचं निघालंच आहे तर अबशालोम सांगतो. दुसऱ्या शमुवेलात त्याच्या देखणेपणाचं कौतुक आहे. टाळूपासून तळपायापर्यंत खोड नाही म्हणे. वर्षाला केस कापले की वजन राजाच्या मापाने दोनशे शेकेल, म्हणजे दोन किलोच्या वर. तोच बापावर उठला आणि शेवटी झाडाला लटकला. आपण सगळे सांगतो की केस अडकले. शास्त्रात मात्र 'डोकं' आहे. मला हे यंदाच कळलं. केसांवर विनाकारण आळ आला म्हणायचा.

आणि आपल्या मंडळ्यांबद्दल एक सांगतो, राग मानू नका. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तिथे उभा राहा" असा प्रसंग आहे. नाताळच्या कार्यक्रमात पुढच्या सोफ्यावर आपण कुणाला बसवतो ते आठवा. मी स्वतः त्या सोफ्यावर बसलोय, नोकरी लागली त्या वर्षी.

उपचार मी सोडलेले नाहीत. केस आले तर मला आनंदच होईल, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण गेल्या रविवारी मधल्या बाकावर बसलो. मागे एक लहान मुलगा होता, त्याने आईला माझ्या डोक्याबद्दल मोठ्याने विचारलं. आई ओशाळली. मी वळून त्याला सांगितलं की याला चाई म्हणतात, दुखत नाही.

त्याच संध्याकाळी आत्याला फोन केला, सगळं सांगितलं. ती चिडली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "पाठव तर नवीन." खिडकीत उभं राहून साधा फोटो काढला. एक समोरून आणि एक मागून. सोबत मुलीसाठी चार ओळी लिहिल्या की तारखेबद्दल मी खोटं बोललो होतो. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.