घरगुती जनरेटर : निवड, निगा आणि सुरक्षितता

पुणे शहरात वीज जाणे ही आता रोजची बाब राहिलेली नाही. तथापि ती इतिहासजमाही झालेली नाही. वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारांवर पडते, भूमिगत केबलमध्ये दोष उद्भवतो, गुरुवारी देखभालीच्या कामासाठी एखाद्या भागाचा पुरवठा काही तास बंद ठेवला जातो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात आजारी माणूस असताना हे काही तास फार मोठे वाटतात. अशा वेळी घरासाठी लहान जनरेटर घ्यावा काय, घेतल्यास कोणता, आणि तो सांभाळावा कसा, याविषयीची उपयुक्त माहिती माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतकांसमोर एकत्रितपणे मांडण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

पुण्याला हा विषय परका नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समुळे खडकीचे नाव देशभरच्या इंजिनांशी जोडले गेले. पुढे राज्यात भारनियमनाचे संकट तीव्र झाले असता, २००६ साली पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. उद्योगांनी मागणीच्या तासांत स्वतःचे जनित्र संच चालवावेत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी आणि जादा खर्चाचा भार अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलावा, असे त्याचे स्वरूप होते. ‘पुणे मॉडेल’ म्हणून तो ओळखला गेला. तूट नेमकी किती, ती कोणत्या तासांत आणि ती भरून काढण्याचा खर्च किती, हा हिशेब त्या योजनेच्या मुळाशी होता. घरासाठी जनरेटर घेतानाही आरंभ याच हिशेबाने करावा.

गरज किती?

वीज गेल्यावर कोणती उपकरणे चालू राहिलीच पाहिजेत, याची यादी कागदावर लिहावी. उदाहरणार्थ, ९ वॉटचे सहा एलईडी दिवे म्हणजे ५४ वॉट. ७५ वॉटचे तीन पंखे म्हणजे २२५ वॉट. वायफायचे १०, लॅपटॉपचे ६५, दूरदर्शन संचाचे १०० आणि फ्रिजचे सुमारे १५० वॉट. एकूण बेरीज ६०४ वॉट होते. परंतु फ्रिज, पंप यांसारखी मोटर असलेली उपकरणे सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तीन ते पाच पट वीज ओढतात. फ्रिजचा हा झटका ७५० वॉट धरला, तर आपली कमाल गरज सुमारे १,२०० वॉट ठरते.

जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगितली जाते. साधारणतः तिला ०.८ ने गुणल्यास किलोवॉट मिळतात. म्हणजे २ केव्हीएचा जनरेटर १,६०० वॉट देईल आणि वरील घराला तो पुरेल. मात्र गिझर, इस्त्री, वातानुकूलन यंत्र किंवा एक हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप त्यावर लावू नये. जाहिरातीत कमाल क्षमतेचा आकडा ठळक असतो. ती क्षमता काही मिनिटांपुरतीच असते. सलग किती भार पेलता येतो, म्हणजेच ‘रेटेड’ क्षमता किती, हा आकडा पाहून निर्णय घ्यावा.

जनरेटर की इन्व्हर्टर?

वरील यादीतून केवळ दिवे, पंखे व वायफाय ठेवले, तर गरज २८९ वॉटवर येते. १५० अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी हा भार सुमारे चार तास सांभाळते. तिला इंधन लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. शहरातील बहुतेक खंडित पुरवठा याहून कमी वेळाचा असतो. म्हणून बहुसंख्य घरांना जनरेटरची नव्हे, बॅटरीवरील इन्व्हर्टरची गरज असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. वीज वारंवार दीर्घकाळ जात असेल, फ्रिजमध्ये औषधे ठेवावी लागत असतील किंवा घरातून व्यवसाय चालत असेल, तरच जनरेटरचा विचार करावा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या रुग्णाच्या घरी जनरेटर सुरू होईपर्यंतचा अवधीही धोक्याचा असतो. तेथे बॅटरीची सोय आणि भरलेला सिलिंडर आधीच तयार हवा.

जनरेटरचे दोन मुख्य प्रकार आढळतात. साध्या प्रकारात इंजिन भार कमी असो वा अधिक, मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. कारण ५० हर्ट्‌झची वीज त्याच गतीवर मिळते. इन्व्हर्टर-जनरेटर भारानुसार गती कमी-अधिक करतो. त्यामुळे आवाज व इंधन वाचते आणि संगणकासारख्या नाजूक उपकरणांना स्थिर वीज मिळते. किंमत मात्र अधिक पडते. कोणताही प्रकार घेतला, तरी शहरात त्याचे दुरुस्ती केंद्र आहे काय आणि सुटे भाग मिळतात काय, याची चौकशी खरेदीपूर्वी करावी.

जागा : पहिली अट

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट सहजतेने जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे थकव्याची समजून माणूस झोपी जातो आणि पुन्हा उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हिमवादळाने लाखो घरांची वीज गेली, तेव्हा शेकडो लोकांना या वायूची बाधा झाली व काहींचे प्राण गेले. घराजवळ वा घरात चालवलेले जनरेटर हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

म्हणून जनरेटर खोलीत, गॅलरीत, जिन्याखाली, डक्टमध्ये किंवा बंदिस्त पार्किंगमध्ये कधीही चालवू नये. दारे-खिडक्यांपासून, स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्याही, किमान वीस फूट दूर मोकळ्यावर तो असावा. पेठांतील वाडे, सदनिका किंवा दाट वस्तीतील घरे यांना अशी जागा क्वचितच मिळते. जागा नसेल, तर जनरेटर घेऊ नये. यात तडजोड नाही. बाधेची शंका येताच सर्वांना मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खांबावरील माणसाचा जीव

काही घरांत जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिन लावून थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसली जाते. असे केल्यास वीज मीटरमधून उलट रस्त्याच्या तारांत शिरते. रोहित्रातून जाताना तिचा दाब २३० व्होल्टवरून हजारो व्होल्टपर्यंत वाढतो. पुरवठा बंद आहे अशा समजुतीने पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात बळी जाऊ शकतो. तोही कोणाचा तरी पिता, कोणाचा तरी भाऊ असतो. यावर उपाय एकच : परवानाधारक तंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात येईल. तो बसेपर्यंत उपकरणे जनरेटरवरील सॉकेटला चांगल्या जाडीच्या वायरने थेट जोडावीत. अर्थिंगही तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

निगा

वर्षभर कोपऱ्यात पडलेला जनरेटर ऐनवेळी सुरू होत नाही. त्याचे बहुधा कारण कार्ब्युरेटरमध्ये साचून चिकट झालेले पेट्रोल असते. पुढील क्रम पाळल्यास ही वेळ सहसा येत नाही.

महिन्यातून एकदा यंत्र निम्म्या भारावर पंधरा-वीस मिनिटे चालवावे. प्रत्येक वेळी आधी तेलाची पातळी पाहावी. नव्या यंत्राचे तेल पहिल्या सुमारे वीस तासांनंतर आणि पुढे मार्गदर्शिकेत दिलेल्या तासांनुसार बदलावे. हवेच्या गाळणीचा फोम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. स्पार्क प्लग काढून काजळी पुसावी. महिनाभराहून अधिक काळ वापर नसेल, तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. आपले यंत्र ई-२० इंधनासाठी योग्य आहे काय, हेही पाहावे. इंधन थोडकेच, घट्ट झाकणाच्या योग्य डब्यात, घराबाहेर व मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

यंत्र सुरू करताना सर्व भार बंद असावा. दोन-तीन मिनिटांनी एकेक उपकरण लावावे. बंद करताना उलट क्रम ठेवावा. चालू किंवा तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये. पावसात यंत्र भिजू देऊ नये. पण चालू यंत्रावर ताडपत्रीही गुंडाळू नये. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, याचेही भान असावे.

शेवटी एक सूचना. दाट वस्तीत प्रत्येकाने जनरेटर घेण्यापेक्षा समाजमंदिरातील अभ्यासिकेत सर्वांनी मिळून एक इन्व्हर्टर बसवावा. वीस दिवे आणि सहा पंखे म्हणजे ६३० वॉट; दोन बॅटऱ्यांवर परीक्षेच्या रात्री सुमारे चार तास अभ्यास चालू राहील. आपापल्या भागात असा उपक्रम सुरू करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आधी अभ्यासिकेतील दिवे-पंखे मोजावेत, वॉटची बेरीज करावी आणि मगच वर्गणीचा आकडा ठरवावा.